कोरडं वजन

माझ्या सासऱ्यांना टोकदार आकडे आवडत नसत. वय विचारलं की "साठ" म्हणायचे. साठी उलटून बरीच वर्षं झाली तरी साठच. स्टेशन किती लांब? "दहा मिनिटं." मग तुम्ही चाला की धावा. लग्नाला किती माणसं होती? "दोनशे." खोटं बोलायचा हेतू नसायचा. आकडा तोंडातून बाहेर पडण्याआधी ते त्याचे कोपरे घासून घ्यायचे आणि मग तो समोरच्याच्या हातात अलगद ठेवायचे.

त्यांची बेकरी होती. म्हणजे आहे, पण आता ती माझी बायको चालवते. पुढे दुकान, मागे भट्टी, वर राहायच्या तीन खोल्या. भाजल्याचा वास कपड्यांना असा चिकटतो की बाहेर कुठेही गेलो तरी लोक माझ्या पिशवीकडे बघतात. मी शाळेची व्हॅन चालवतो. सकाळी मुलांना सोडलं की संध्याकाळी शाळा सुटेपर्यंत मोकळा. सासऱ्यांच्या आजारपणात हा मोकळा वेळ कामी आला.

बेकरीतलं गणित त्यांनी मला लग्न ठरल्यावर पहिल्याच भेटीत शिकवलं होतं. होणाऱ्या जावयाशी दुसरं काय बोलावं हे सुचलं नसावं. "जावईबापू, चारशे ग्रॅमचा पाव हवा असेल तर गोळा चारशे साठचा घ्यायचा. साठ ग्रॅम पाणी भट्टी पिते. चारशे साठातून साठ गेले, राहिले चारशे. एवढं आलं की झालात बेकरीवाले." पण ते स्वतः तोडायचे तो गोळा पावणेपाचशेच्या आसपास भरायचा, हात फारच सैल सुटला तर पाचशेही. गिऱ्हाइकाला कमी गेलं तर अन्न गोड लागत नाही म्हणायचे. "दहा-वीस ग्रॅमनं काय होतंय?" हे त्यांचं पालुपद.

सासूबाईंचा स्वभाव नेमका उलटा. मीठ आणि यीस्ट त्यांच्याकडे. किलोंनी मोजायचं ते सासऱ्यांनी, ग्रॅमनी मोजायचं ते सासूबाईंनी, अशी वाटणी संसाराच्या सुरुवातीला कधीतरी झाली ती झालीच. दहा किलो पिठाला एकशे ऐंशी ग्रॅम मीठ. सासरे म्हणायचे, "दोनशे टाक की, आकडा गोल होतो." काट्यावरची नजर न काढता सासूबाई म्हणायच्या, "पाव गोल करा. मीठ गोल करू नका."

मग सासऱ्यांच्या किडन्या गेल्या. ब्लडप्रेशर किती तरी वर्षं अंगात ठाण मांडून बसलं होतं आणि गोळ्या ते आठवल्या तर घ्यायचे. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, आता आठवड्यातून तीनदा मशीनवर यावं लागेल. रक्त बाहेर काढायचं, स्वच्छ करायचं, परत आत सोडायचं. शिवाय अंगात साठलेलं पाणीही काढायचं, कारण लघवी जवळजवळ बंद झाली होती. प्यायलेलं सगळं अंगातच राहायचं.

डायलिसिसचा हॉल दवाखान्याच्या तळमजल्यावर. दोन्ही बाजूंना आरामखुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी एक मशीन, खिडकीबाहेर गाड्या लावायची जागा. तिथे एक तरुण टेक्निशियन होती. जाड चष्मा, पायांत पांढरे बूट, सतत इकडून तिकडे. सासऱ्यांनी तिचं नाव लगेच "चष्मेवाली" ठेवलं. तोंडावर मात्र "पोरी".

पहिल्याच दिवशी तिने त्यांना समोर बसवून सगळं समजावलं. "काका, तुमचं कोरडं वजन बासष्ट किलो चारशे ग्रॅम. म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसताना तुम्ही एवढे भरता. आल्यावर काट्यावर उभं राहायचं. समजा चौसष्ट किलो चारशे भरलात. त्यातून बासष्ट चारशे गेले, उरले दोन किलो. ते पाणी. दोन किलो म्हणजे दोन लिटर. तेवढं मशीन काढणार."

सासरे एकदम खूश. "म्हणजे मी चारशे साठचा गोळा, आणि ही तुझी भट्टी!"

"तसं समजा," ती हसली. "पण दोन किलोंच्या वर आणू नका. एका बैठकीत जास्त पाणी ओढलं की पायांत गोळे येतात, चक्कर येते."

दोन किलोंच्या आत राहायचं तर दिवसाला पाऊण लिटर पाणी. चहा, सूप सगळं त्यातच. जन्मभर भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस तो. अख्खा जग तोंडाला लावून एका दमात रिकामा करायची सवय. त्यांना पाऊण लिटर म्हणजे चेष्टा वाटली. सुरुवातीला त्यांनी पाळलं. मग एखादा घोट इकडे, एखादा तिकडे. चूळ भरायला जायचे आणि चूळ परत यायची नाही.

काटा हॉलच्या दाराशी होता. पेशंट आत येताना स्वतःच त्यावर उभे राहायचे आणि आकडा ओरडून सांगायचे. चष्मेवाली हॉलच्या त्या टोकाला कुणाच्या तरी हातात सुई लावत असायची, ती तिथूनच "बरं" म्हणायची. जाताना पुन्हा तसंच. सगळे खरं सांगायचे, कारण खोटं सांगून काय मिळणार?

एके दिवशी सासऱ्यांना काट्यावर पासष्ट किलो आठशे दिसलं. खरं म्हणजे तीन किलो चारशे पाणी काढायला हवं होतं. ते ओरडले, "पासष्ट!" पासष्टातून बासष्ट चारशे गेले की दोन किलो सहाशे. मशीन तेवढ्यावर लावलं गेलं. आठशे ग्रॅम अंगातच राहिले. जाताना काट्याने त्रेसष्ट दोनशे दाखवलं, ह्यांनी सांगितलं, "साडेबासष्ट." त्या दिवशी पायांत गोळे आले नाहीत. गप्पा मारत व्हॅनपर्यंत आले. मी बाहेर पेपर वाचत बसलो होतो. मला म्हणाले, "आज मस्त झालं बघा."

मस्त झालं म्हणून पुढच्या वेळीही आकड्याचा कोपरा घासला. मागच्या आठशेत आणखी पाचशे राहिले. त्याच्या पुढच्या वेळी आणखी सातशे. आठशे, पाचशे, सातशे: बघता बघता दोन हजार ग्रॅम, म्हणजे चांगले दोन किलो पाणी अंगात मुक्कामाला राहिलं. संध्याकाळपर्यंत चपलेचे पट्टे पायांत रुतायला लागले. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, "चपलाच आखडल्यात."

मग तो दिवस आला. मशीनवर जायचा दिवस नव्हता. दुपारी दुकानात गर्दी होती आणि माझी बायको एकटी. सासऱ्यांना राहवेना. मागून पावांचा ट्रे उचलून पुढे आणायला गेले आणि मधल्या दारातच थांबले. ट्रे तिथल्या पोत्यांवर ठेवला आणि स्वतः शेजारी बसले. बायकोने हाक मारली म्हणून मी धावलो. ते तोंड उघडून हवा ओढत होते आणि छातीतून बुडबुड्यांसारखा आवाज येत होता. ओठ पिठासारखे पांढरे. "काही नाही, काही नाही" असं म्हणायचा प्रयत्न करत होते, पण दुसरं "नाही" बाहेरच येत नव्हतं.

मी आणि बायकोने त्यांना दोन्ही बाजूंनी धरून व्हॅनमध्ये बसवलं. सासूबाई मागे बसल्या. त्यांच्या हाताला यीस्ट लागलेलं होतं, तो हात त्यांनी सबंध वाटेत ह्यांच्या पाठीवर ठेवला होता.

हॉलमध्ये चष्मेवालीने त्यांना स्वतः धरून काट्यावर उभं केलं. अडुसष्ट किलो तीनशे. तिने काट्याकडे बघितलं, मग त्यांच्या पायांकडे.

"पाच किलो नऊशे जास्त," ती म्हणाली. "काका, परवा जाताना तुम्ही साडेबासष्ट सांगितलंत. दोन दिवसांत एवढं पाणी? हौद तोंडाला लावला होता का?"

सासऱ्यांना बोलण्याइतका श्वासही नव्हता. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क लागला. डॉक्टर आले, छाती ऐकली. पाच किलो नऊशे एका बैठकीत काढणं त्यांना झेपलं नसतं. आज साडेतीन काढायचे, राहिलेले दोन किलो चारशे उद्या, असं ठरलं. मशीन सुरू झाल्यावर डॉक्टर चष्मेवालीकडे वळले. "मागचे आकडे बरोबर असते तर ही वेळ आली नसती. वजन कुणी बघितलं होतं?"

ती खाली बघत म्हणाली, "मी लिहिलं."

"बघितलं कुणी, ते विचारतोय."

सासऱ्यांनी मास्क ओढून बाजूला केला. "तिचं काही नाही हो. मी सांगितलं चुकीचं. मीच."

डॉक्टरांनी मास्क परत नीट बसवला. आवाज चढवला नाही, पण शब्दही गिळले नाहीत. "काका, तुम्ही चुकलात ते वेगळं. काट्याजवळ उभं राहून बघणं हे तिचं काम आहे. ते झालं नाही."

सगळ्या खुर्च्यांवरची माणसं ऐकत होती. चष्मेवालीने मान हलवली आणि पुढच्या मशीनकडे गेली. तिचे कान लाल झालेले मला दिसले. तिची दुपारची पाळी काढून तिला सकाळच्या पाळीत एका सिनियरच्या हाताखाली ठेवलं, हे आम्हाला नंतर कळलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं ते एवढंच, "का?"

सासरे पलंगावर उशीला टेकून बसले होते. "मोठा आकडा सांगितला की पायांत गोळे येतात गं. मांडी पिळल्यासारखी होते. आणि मोठा आकडा ऐकला की त्या पोरीचा चेहरा पडायचा. मला वाटलं, थोडंसं इकडे तिकडे..."

"थोडंसं," सासूबाई म्हणाल्या. आणि खाली निघून गेल्या.

वर आल्या तेव्हा त्यांच्या हातात यीस्टचा काटा होता. तो त्यांनी जेवायच्या टेबलावर ठेवला, त्याच्यावर काचेचा रिकामा जग. तीनशे दहा ग्रॅम. मग नळाखाली धरून आणि काट्यावर ठेवून, थेंब थेंब कमी-जास्त करत, तो एक हजार साठवर आणला.

"एक किलो साठ," त्या म्हणाल्या. "जगाचे तीनशे दहा वजा करा. किती?"

"साडेसातशे."

"दिवसभराचं पाणी हे. चहा घेतलात तर चहाएवढं ह्यातून झाडाला घालायचं. प्रत्येक घोटानंतर जग काट्यावर."

सासरे भडकले. "मी काय पीठ आहे काय?"

"नाही. पीठ ऐकतं."

दोन-तीन दिवस घरात शब्दाला शब्द लागत होता. जग काट्यावर ठेवताना ते मुद्दाम आपटायचे. पण हळूहळू त्यांचाच त्यात जीव रमायला लागला. आपला एक घोट तीस ग्रॅमचा असतो हे त्यांना नव्यानेच कळलं. सावकाश घेतला तर वीसचा. संध्याकाळी काट्यावर चारशे दिसलं की मला हाक मारायचे, "जावईबापू, चारशेतून तीनशे दहा गेले की नव्वद. म्हणजे रात्रीच्या गोळ्यांना तीन घोट. शिल्लक शून्य!" आणि बर्फाचा तुकडा गालात धरला की तहान जास्त वेळ भागते, हा शोध तर त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितला.

सासूबाई ह्यांच्यासमोर पाणी पीत नसत. मला ते लक्षातच आलं नव्हतं. एका दुपारी मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचं बिजागर बसवत होतो. सासूबाई ओट्याशी आल्या, नळ अगदी दोऱ्याएवढा सोडला, पेल्याच्या कडेने पाणी घेतलं, आवाज होऊ नये म्हणून. भिंतीकडे तोंड करून प्यायल्या. वळल्या तर सासरे दारात उभे.

"हे कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"चोरासारखं पाणी पिणं."

सासूबाईंनी पेला मागे नेला. "तुम्हाला त्रास नको म्हणून."

"इकडे ये. माझ्यासमोर पी."

"नको हो."

"पी गं. भरून घे आणि पी. मला बघू दे." ते खुर्चीवर बसले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रू शोधायला लागलो. त्यांनी पेला भरला आणि उभ्यानेच प्यायल्या. सासरे एकटक त्यांच्या गळ्याकडे बघत होते. पेला रिकामा झाल्यावर एक मोठा श्वास सोडून म्हणाले, "बरं वाटलं." सासूबाईंनी पेला धुतला, पालथा घातला आणि बराच वेळ मागे वळून बघितलं नाही.

त्यानंतर सासऱ्यांनी मला विचारलं, "सकाळच्या पाळीला नेता येईल का?" मला शाळेच्या फेऱ्या होत्या, पण एक फेरी मित्राला दिली आणि नेलं. चष्मेवाली कापूस कापत बसली होती. हे तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. घरून पाठ करून आले होते बहुतेक, पण ऐन वेळी सगळं विसरले. "पोरी, माझ्यामुळे तुला बोलणी बसली."

तिने कात्री खाली ठेवली. "काका, राग आला नाही असं मी म्हणणार नाही. खूप आला. घरी जाऊन रडले मी." मग कापूस बाजूला सारून म्हणाली, "पण तुमचा श्वास लागलेला बघून जास्त भीती वाटली. मी बघायला हवं होतं. डॉक्टर बरोबर बोलले."

"आता बघ."

"बघणारच आहे. तुम्ही नको म्हणालात तरी."

सकाळची पाळी त्यांनी कायमची मागून घेतली. माझ्या मित्रानेही ती फेरी आनंदाने स्वतःकडे ठेवून घेतली. चष्मेवाली आता प्रत्येकाच्या वेळी काट्याशी येऊन उभी राहायची. सासरे काट्यावर चढण्याआधी स्वेटर काढत, खिशातल्या किल्ल्या काढत, रुमालही काढत. एकदा पट्टा काढला आणि पँट सरकायला लागली. एका हाताने पँट धरून त्यांनी गंभीरपणे आकडा वाचला, "चौसष्ट पॉइंट एक." ती वाकून बघायची, मगच लिहायची. पायांत गोळे यायचे अधूनमधून, पण दोन किलोंच्या आत आलेलं पाणी अंगाला मानवत होतं. चेहऱ्यावर तजेला आला. जेवण वाढलं. डॉक्टरांनी अंड्यातला पांढरा भाग खायला सांगितला होता, तो सासूबाई तऱ्हेतऱ्हेने ताटात आणायच्या, आणि हे आता ताट स्वच्छ करायचे.

आणि सगळं सुरळीत चाललेलं असताना पुन्हा बिनसलं. मशीन संपता संपता त्यांना दरदरून घाम यायला लागला, डोळ्यांपुढे अंधारी, मांडीत असे गोळे की खुर्चीचे हात घट्ट पकडून बसायचे. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या वेळी सासूबाईही बरोबर होत्या. आले तेव्हा चौसष्ट किलो सहाशे, त्यातून बासष्ट चारशे गेले की दोन किलो दोनशे. चष्मेवालीने वजाबाकी दोनदा केली, काटा तपासला. कुठेच चूक नव्हती. तरी शेवटच्या अर्ध्या तासात ब्लडप्रेशर घसरलं आणि मशीन थांबवावं लागलं.

सासऱ्यांनी डोळे मिटून हळूच म्हटलं, "ह्या वेळी मी खरंच खरं सांगितलंय गं."

"माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या. "जग मीच भरते ना."

डॉक्टर आले. त्यांनी पायांच्या घोट्यावर बोट दाबून बघितलं, खळगा पडला नाही. छाती ऐकली, स्वच्छ होती. मग त्यांनी सासऱ्यांचा दंड चाचपला आणि सासूबाईंना विचारलं, "भूक कशी आहे ह्यांची?"

"चांगली आहे. आता मागून घेतात."

"मग वजाबाकी बरोबर आहे, पण जे वजा करतोय ते जुनं झालं," डॉक्टर म्हणाले. "हे बासष्ट चारशे पहिल्या दिवसांचं, तेव्हा नुसती हाडं होती. आता अंग भरलंय. आपण पाणी समजून ओढत होतो, पण काढण्याइतकं पाणी अंगात नव्हतंच." त्यांनी चष्मेवालीकडे पाहिलं. "त्रेसष्ट शंभर करून बघू. जमलं नाही तर आणखी बदलू."

सासूबाईंच्या ओठांची हालचाल मला दिसली. त्या मनात वजाबाकी करत होत्या. "सातशे ग्रॅम," त्या म्हणाल्या. "सातशे ग्रॅम अंग वाढलं ह्यांचं?"

"हो."

"घरच्या जेवणावर?"

"मग आणखी कशावर, काकू?"

सासूबाई खुर्चीच्या कडेला टेकल्या आणि ह्यांच्या पायावरची चादर उगाचच सारखी करत राहिल्या. सासरे मात्र अंगात त्राण नसताना चष्मेवालीला म्हणाले, "ऐकलंस ना? सातशे." ती म्हणाली, "ऐकलं, काका. पडून राहा."

नवा आकडा लागू पडला. पुढच्या वेळी मशीन संपलं तेव्हा हे ताठ बसलेले होते. त्या आठवड्यात त्यांनी हट्ट धरला, नवी पँट शिवायची. सासूबाईंनी जुनीचीच शिवण उसवून देते म्हटलं, तर ऐकेनात. मी दोघांना घेऊन कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेलो. शिंप्याने कानामागचा खडू काढला, टेप कमरेभोवती गुंडाळली आणि सवयीने म्हणाला, "पोट वाढलंय, काका. जरा कमी करा."

सासूबाई पुढे सरकल्या. "पोट नाही म्हणायचं ते. आणि पाणी तर नाहीच नाही. अंग आहे ते त्यांचं."

शिंप्याला काही कळलं नाही. तो "बरं" म्हणाला आणि टेपवरचा आकडा वाचायला खाली वाकला. सासऱ्यांनी छाती पुढे काढून श्वास रोखून धरला होता, त्यांना त्याने सांगितलं, "श्वास सोडा. नाहीतर बसताना त्रास होईल." सासऱ्यांनी श्वास सोडला. सासूबाई शेल्फावरचं कापड हातात घेऊन त्याचा पोत बघायला लागल्या.